अल्हाम्ब्रा की अल्काझार, आणि गाईड नेमका कुठे घ्यावा?

स्पेनच्या सहलीत माद्रिद आणि बार्सिलोना बसवल्यावर दक्षिणेसाठी जेमतेम दोन-तीन दिवस उरतात. मग प्रश्न येतो: ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा पाहायचा की सेव्हिलचा रेआल अल्काझार? दोन्ही मूरिश, म्हणजे मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिमांच्या, धाटणीचे राजवाडे, दोन्हींना बागा, दोन्ही जागतिक वारसा यादीत (ग्रानाडा १९८४, सेव्हिल १९८७). फोटोंत तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: गाईडसकट तिकीट घ्यायचं की आपलं आपण फिरायचं?

लोक ही दोन उत्तरं वेगवेगळी शोधतात. एका शहरासाठी गाईड घेतला की दुसऱ्यासाठीही घेतात, किंवा ‘सगळं तर नेटवर असतं’ म्हणून दोन्हीकडे नाही घेत. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. सेव्हिलला गाईड घ्या. ग्रानाडाला शक्यतो घेऊ नका. आणि दोन्ही जमत असतील तर आधी सेव्हिल, मग ग्रानाडा. पुढची कारणं पटली नाहीत तरी निदान पैसे भरण्याआधी कुठल्या गोष्टी तपासायच्या ते कळेल.

दोन राजे, एक दशक

आधी थोडा इतिहास, कारण निर्णय त्यावरच उभा आहे.

१३५९ मध्ये ग्रानाडाचा सुलतान मुहम्मद पाचवा याला त्याच्याच घराण्यातल्या लोकांनी गादीवरून खाली खेचलं. १३६२ मध्ये तो परतला. त्याला परत आणण्यात शेजारच्या कास्तीय राज्याचा ख्रिस्ती राजा पेद्रो पहिला याचा मोठा हात होता. मधल्या काळात गादी बळकावून बसलेला मुहम्मद सहावा पेद्रोच्या दयेची आशा धरून सेव्हिलला आला, तर पेद्रोने त्याला ठारच मारलं आणि त्याचं जडजवाहीर ठेवून घेतलं. इंग्लंडच्या राजमुकुटावर पुढच्या बाजूला जो मोठा लाल खडा आहे, माणिक म्हणून प्रसिद्ध असलेला पण प्रत्यक्षात स्पिनेल, तो याच लुटीतला असं सांगतात.

गादी परत मिळाल्यावर मुहम्मदाने अल्हाम्ब्रात सिंहांचा चौक बांधायला घेतला. जवळपास त्याच सुमाराला, १३६४ पासून, पेद्रोने सेव्हिलच्या जुन्या अल्काझारात स्वतःसाठी नवा महाल उभारला. त्यासाठी सेव्हिल आणि तोलेदोच्या कारागिरांबरोबर ग्रानाडाचेही कारागीर आले. म्हणजे एक सुलतानाचा महाल आणि एक ख्रिस्ती राजाचा महाल, एकाच दशकातले, एकाच परंपरेत तयार झालेल्या हातांनी केलेले. पेद्रोच्या महालाच्या दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला निळ्या फरशांत कोनीय अरबी अक्षरं दिसतात. ते ग्रानाडाच्या नासरी घराण्याचं ब्रीद आहे: ईश्वरावाचून कोणी विजेता नाही. ख्रिस्ती राजाच्या दारावर मुस्लिम राजघराण्याचं ब्रीद, आणि त्याच्या भोवती गॉथिक लिपीत पेद्रोच्या स्वतःच्या पदव्या.

आता माझा मुद्दा. ही भिंत तुम्ही एकटे पाहाल तर ‘काय सुंदर नक्षी आहे’ म्हणून फोटो काढाल आणि पुढे जाल. कुणी बोट दाखवून सांगितलं तरच ती दिसते.

सेव्हिलमध्ये गाईड का

अल्काझार ही एक इमारत नाही. दहाव्या शतकातल्या कोर्दोबाच्या खलिफांच्या काळात इथे सुभेदाराचं ठाणं होतं. त्यावर सेव्हिलच्या अब्बादी राजांनी भर घातली, मग बाराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून अल्मोहाद राज्यकर्ते आले. १२४८ मध्ये कास्तीयच्या फर्नांदो तिसऱ्याने शहर जिंकलं. त्याचा मुलगा आल्फोन्सो दहावा याने गॉथिक महाल बांधला, त्याला लागून पेद्रोचा मुदेहार शैलीतला (ख्रिस्ती धन्यासाठी मुस्लिम धाटणीत केलेला) महाल आला, मग १५०३ मध्ये इसाबेल राणीने अमेरिकेच्या व्यापारासाठी काढलेली कचेरी इथेच बसली. १५२६ मध्ये सम्राट कार्लोस पाचव्याचं पोर्तुगालच्या इसाबेलशी लग्न याच राजवाड्यात लागलं. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपाने काही भाग हादरला आणि तो पुन्हा बांधावा लागला. वरचा मजला आजही स्पेनच्या राजघराण्याच्या वापरात आहे. त्यासाठी वेगळं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं.

या सगळ्याची सरमिसळ अशी झाली आहे की एका दारातून आत जाताना चौदावं शतक असतं आणि बाहेर पडताना सोळावं. मार्ग सरळ नाही. माहितीफलक आहेत, पण मोजके. पेद्रोच्या महालातून गॉथिक दालनात शिरलेले लोक ‘हे चर्च आहे का?’ म्हणून एकमेकांकडे बघतात.

‘कन्यांचा चौक’, पातिओ दे लास दोन्सेयास, हे गाईडच्या उपयोगाचं सर्वात चांगलं उदाहरण. मधोमध लांबट पाण्याचा हौद आणि दोन्ही बाजूंना खोलगट बागेचे वाफे. पाहताना वाटतं, पेद्रोच्या वेळेपासून हे असंच असणार. प्रत्यक्षात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही बाग बुजवून वर संगमरवरी फरशी घातली होती आणि चारशेहून अधिक वर्षं कुणाला ती दिसलीच नाही. २००२ नंतरच्या उत्खननात वाफे जसेच्या तसे सापडले आणि फरशी काढून बाग पुन्हा उघडी केली. वरचा मजलाही पेद्रोचा नाही, तो नंतरचा, प्रबोधनकाळातल्या इटालियन वळणाचा. म्हणजे एकाच चौकात उभं राहून नजर वर-खाली केली की दोन काळ दिसतात. पण हे कुणी सांगितलं तर.

शेजारच्या छोट्या ‘बाहुल्यांच्या चौकात’ कमानींच्या पायथ्याशी अगदी लहान चेहरे कोरलेले आहेत. ते शोधून काढणं हा प्रत्येक गाईडचा आवडता खेळ आहे. मुलं बरोबर असतील तर पुढचा अर्धा तास त्यांची कुरकुर थांबते. राजदूतांच्या दालनाचा सोनेरी घुमट १४२७ चा, म्हणजे पेद्रोच्या खुनानंतर अठ्ठावन्न वर्षांनी बसवलेला. हेही लोक पेद्रोच्याच खात्यावर जमा करतात.

दंतकथांपासून मात्र सावध. मूरांना दरवर्षी शंभर कुमारिका खंडणी म्हणून द्याव्या लागत आणि म्हणून या चौकाचं नाव कन्यांचा, ही कथा हमखास कानावर पडते. चांगला गाईड ती सांगून झाल्यावर ‘याला पुरावा नाही’ असंही सांगतो. वाईट गाईड फक्त तेवढीच सांगतो.

सेव्हिलच्या बाजूने आणखी एक व्यवहारी कारण आहे. इथली सहल साधारण दीड तासाची असते, महाल दाखवून गाईड तुम्हाला बागेच्या तोंडाशी सोडतो आणि निरोप घेतो. पुढे तुम्ही मोकळे. बागेत हवं तितका वेळ बसा.

ग्रानाडात गाईड का नको

अल्हाम्ब्राची रचना उलटी आहे. १२३८ मध्ये मुहम्मद पहिल्याने इथे नासरी घराण्याची सत्ता बसवली आणि १४९२ च्या २ जानेवारीला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने किल्ल्या ख्रिस्ती राजा-राणी फर्नांदो आणि इसाबेल यांच्या हवाली केल्या. या अडीचशे वर्षांतला जो भाग आपण पाहायला जातो, तो मुख्यतः दोन सुलतानांचा आहे, यूसुफ पहिला आणि त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा. शैली एकच, भाषा एकच. मधे कार्लोस पाचव्याचा भलामोठा दगडी चौकोन घुसला आहे. सेव्हिलमध्ये लग्न करून तो नव्या राणीला घेऊन इथे आला, जागा आवडली आणि इथे स्वतःचा महाल बांधायचं ठरवलं. बाहेरून चौकोनी, आत गोल अंगण. शतकानुशतकं तो अर्धवटच राहिला. तो ओळखायला गाईड लागत नाही, नजरेला इतका खुपतो. (आतलं गोल अंगण स्वतंत्रपणे पाहिलं तर सुरेख आहे, हेही खरं.)

नासरी महालांत कळायला हवं ते थोडं आहे आणि पाहायला हवं ते अफाट. कोमारेस महालात मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) झुडपांमधला हौद आहे आणि त्यात पंचेचाळीस मीटर उंच बुरुजाचं प्रतिबिंब पडतं. बुरुजाच्या पोटात राजदूतांचं दालन आहे. त्याचं लाकडी छत ८,०१७ तुकडे जोडून केलं आहे आणि त्यात कुराणातले सात स्वर्ग मांडले आहेत. सिंहांच्या चौकात १२४ सडपातळ खांब, मधे बारा सिंहांच्या पाठीवर कारंजं. त्या कारंज्याच्या कठड्यावर दरबारी कवी इब्न झम्रकची कविता कोरली आहे. तिच्यात तो म्हणतो, पाणी आणि संगमरवर असे एकजीव झालेत की वाहतंय कोण हेच कळेना. पुढे ‘दोन बहिणींचं दालन’, जिथे मान वर केली की पाच हजारांहून अधिक छोट्या गिलाव्याच्या कोनाड्यांचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं छत डोक्यावर येतं. समोरच्या, अबेन्सेराखे या सरदार घराण्याच्या नावाच्या दालनात कारंज्याच्या तळाशी तांबूस डाग आहे. कत्तल झालेल्या सरदारांचं ते रक्त, असं गाईड सांगतात. तो लोहाचा गंज आहे.

झालं. जायच्या आदल्या संध्याकाळी एवढं वाचलं तरी आत गोंधळ होत नाही. शिवाय आधी सेव्हिलला गाईडबरोबर फिरून आलात तर कमान, गिलावा, फरशांचा पट्टा, ब्रीदाची अक्षरं हे सगळं नजरेत बसलेलं असतं. मग ग्रानाडाच्या भिंतींवर ते ब्रीद तुमचं तुम्हालाच सापडत जातं, आणि ते इतक्या ठिकाणी आहे की शोधायचा कंटाळा येतो.

याउलट गटाबरोबर गेल्यावर काय होतं ते पाहा. गटात जास्तीत जास्त तीस माणसं. प्रत्येकाच्या गळ्यात रेडिओ आणि कानात त्याचा इअरफोन. गाईडचा आवाज नीट ऐकू येतो, पण पाण्याचा येत नाही. अल्हाम्ब्राचा निम्मा जीव पाण्याच्या आवाजात आहे: कुठे हौदात झिरपणारं, कुठे फरशीतल्या चरातून सळसळणारं. कान बंद करून तो राजवाडा पाहणं मला तरी परवडत नाही. शिवाय दालनं अरुंद आहेत. पुढचा गट हलला की तुमचा गट सरकतो, मागे तिसरा ताटकळत असतो. सिंहांच्या चौकात दहा मिनिटं थांबायचं म्हटलं तर गाईडचा नाइलाज असतो.

आता सर्वात महत्त्वाचा नियम. अल्हाम्ब्राच्या सर्वसाधारण तिकिटावर नासरी महालात शिरण्याची वेळ छापलेली असते आणि ती पाळावीच लागते. उशीर झाला तर पैसे गेले. पण एकदा आत गेलात की तुमच्या तिकिटाचं सत्र संपेपर्यंत कुणी बाहेर काढत नाही. त्याच वेळी नासरी महाल, अल्काझाबा नावाचा जुना किल्ला आणि हेनेरालिफे ही बाग या तिन्हींत प्रवेश एकेकदाच. बाहेर पडलात की परत आत नाही. म्हणजे गाईडने पाऊण तासात नासरी महालातून बाहेर काढलं, तर ‘नंतर निवांत येऊ’ हा पर्याय उरत नाही. सेव्हिलमधला मोकळेपणा इथे नाही. माझ्या दृष्टीने गाईड न घेण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. गाईड नसेल तर अल्काझाबाचे बुरुज नुसतेच बुरुज वाटतात. १८१२ मध्ये माघार घेताना फ्रेंच सैन्याने काही बुरुज सुरुंगाने उडवले, ज्यूंना स्पेनमधून हाकलण्याचा १४९२ चा हुकूमनामा याच आवारात सही झाला, या गोष्टी जागेवर उभं राहून ऐकण्यात वेगळी ताकद असते. त्यासाठी ऑडिओ गाईड हा मधला मार्ग आहे. इंग्रजीत मिळतो, स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे थांबवता येतो.

बागा

इथे तुलना खरी रंगते, आणि इथे गाईड दोन्हीकडे बिनकामाचा.

हेनेरालिफे ही सुलतानांची डोंगरउतारावरची उन्हाळी जागा. तिच्या मधल्या ‘पाटाच्या चौकात’ लांबच लांब अरुंद कालवा आहे आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी त्यात पडतात. अल्हाम्ब्राच्या सर्वात जास्त छापल्या जाणाऱ्या फोटोंपैकी हा एक. गंमत अशी की त्या कमानी मध्ययुगीन नाहीत, त्या एकोणिसाव्या शतकात बसवल्या. सुलतानांचं पाणी शांत होतं. १९५८ मध्ये इथे आग लागली आणि त्यानंतरच्या खोदकामात मूळ वाफे आजच्या पातळीच्या बरेच खाली सापडले, चार भागांत विभागलेले. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्यात आपण जी चारबाग पाहतो, तिचंच हे दूरचं पश्चिमेकडचं नातेवाईक. हे सगळं पाणी दार्रो नदीतून, साधारण सहा किलोमीटर वरून, ‘राजाचा पाट’ म्हणवल्या जाणाऱ्या कालव्याने आणलेलं आहे. डोंगरावर राजवाडा बांधायचा तर आधी पाणी, हा हिशेब त्यांनी पक्का केला होता.

‘पाण्याचा जिना’ मात्र चुकवू नका. झाडीतून वर जाणारा जिना, आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर चर कापून त्यातून वाहतं पाणी सोडलेलं. चढताना हात पाण्यात ठेवता येतो. बरेच गट इथे वर चढतच नाहीत, वेळ नसतो म्हणून. प्रवेशाकडच्या उंच कुंपणांच्या, गुलाबांच्या बागा विसाव्या शतकातल्या आहेत. छान आहेत, पण त्यांच्यात अडकून नासरी महालाची वेळ चुकवू नका. हेनेरालिफेपासून नासरी महालाच्या दारापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं.

अल्काझारच्या बागा मोठ्या, सपाट आणि खेळकर. सात हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या. मर्क्युरी या रोमन देवाच्या ब्राँझ पुतळ्याचा हौद, जुन्या अल्मोहाद तटबंदीवर सतराव्या शतकात चढवलेली खडबडीत गुहेसारखी गॅलरी, तिच्यावरून बागेचं दिसणारं पूर्ण दृश्य, हिरव्या कुंपणांचा भूलभुलैया, मोर, कडू संत्र्यांची झाडं. एका कारंज्यात पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन आहे, तो ठरावीक वेळांनी वाजतो. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये संत्र्याच्या फुलांचा वास साऱ्या शहरात असतो आणि इथे तर दाटच.

गॉथिक महालाच्या खाली, बागेच्या बाजूने, मारिया दे पादिया हिच्या नावाने ओळखलं जाणारं स्नानगृह आहे. पेद्रोची ही प्रेयसी तिथे स्नान करायची, असं सांगतात. प्रत्यक्षात ते वरच्या बुजलेल्या अंगणाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. लांब बोगदा, कमानींची रांग, शेवटी स्थिर पाणी. बाहेर चाळीस अंश असताना आत गारवा. मला दोन्ही राजवाड्यांत सर्वात आवडलेली जागा कोणती असं विचारलंत तर मी बहुधा ही सांगेन, अल्हाम्ब्राचं सगळं कौतुक करून झाल्यावरसुद्धा.

तिकीट, पैसे आणि पासपोर्टवरचं नाव

अल्हाम्ब्राचं सर्वसाधारण तिकीट वीस युरोंच्या आसपास, अल्काझारचं पंधराच्या. भाव बदलत असतात, अधिकृत संकेतस्थळ पाहूनच ठरवा. गाईडसकट तिकीट घेतलं तर साधारण दुप्पट ते तिप्पट पडतं. खाजगी गाईड दीडशे-दोनशे युरोंच्या घरात जातो, पण तो माणशी नसून गटासाठी असतो. दोन कुटुंबं मिळून सात-आठ माणसं असाल तर हिशेब बरोबरीवर येतो आणि वेग तुमच्या हातात राहतो. ग्रानाडात गाईड घ्यायचाच असेल तर असाच घ्या.

‘रांग चुकवा’ असं लिहिलेल्या महागड्या तिकिटांना भुलू नका. दोन्हीकडे वेळ ठरवूनच प्रवेश आहे. वेळेचं तिकीट हातात असलं की तिकिटाची रांग तशीही नसते, आणि सुरक्षा तपासणी कुणालाच चुकत नाही.

खरा फरक उपलब्धतेत आहे. अल्हाम्ब्राची तिकिटं वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवडेच्या आठवडे आधी संपतात. विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी हेही काढा. संपलीच असतील तर तीन मार्ग उरतात. शहराचा पास, ज्याला ग्रानाडा कार्ड म्हणतात, त्यात अल्हाम्ब्रा धरलेला असतो आणि कधीकधी तो शिल्लक असतो. दुसरा, नासरी महालांची रात्रीची भेट: गर्दी कमी, पण छतं नीट दिसत नाहीत. तिसरा, गाईडवाल्या कंपन्यांकडचा कोटा. हा तिसरा मार्ग मी वर नाकारला असला तरी ‘अजिबात न पाहणं’ आणि ‘गटाबरोबर पाहणं’ यात दुसरंच चांगलं. नुसतं बागा, हेनेरालिफे आणि अल्काझाबाचं स्वस्त तिकीट मिळतं, ते मात्र नासरी महालांची भरपाई म्हणून घेऊ नका. सेव्हिलला अल्काझारचं तिकीट काही दिवस आधी काढलं तरी बहुधा जमतं. सोमवारी दिवसाच्या शेवटच्या वेळात मोफत प्रवेश असतो, पण तेवढ्या वेळात बागा होत नाहीत.

आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण. अल्हाम्ब्राचं तिकीट नावावर असतं आणि आत पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स नव्हे. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. बुकिंग करताना कुणी फक्त स्वतःचं नाव भरतं, कुणी लाडकं नाव, कुणाचं लग्नाआधीचं आडनाव. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. लहान मुलांना फुकट असलं तरी त्यांचंही तिकीट काढावं लागतं.

बरोबर कोण आहे?

आई-बाबांना घेऊन जात असाल तर अल्काझार कितीतरी सोपा. शहराच्या मध्यात, जवळपास सपाट, बागेत सावली आणि बसायला जागा. अल्हाम्ब्रा टेकडीवर आहे. वरपर्यंत छोट्या बसेस जातात, टॅक्सीही, पण आत तीन तास तरी चाल आहे, दगडगोट्यांचे रस्ते आहेत, पायऱ्या आहेत. आणि गाईडच्या सहलीत चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त असतं, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावं. एका भिंतीसमोर बारा मिनिटं उभं राहून ऐकणं हे अर्धा किलोमीटर चालण्यापेक्षा वाईट. अशा वेळी ग्रानाडात आपलं आपण, दोन थांबे घेत फिरणंच बरं. बाबांना किल्ल्याच्या बुरुजावर चढायचं नसेल तर कार्लोसच्या महालापाशी त्यांना बसू द्या, तिथे तिकीट लागत नाही.

लहान मुलांसाठी अल्काझारच. मोर, भूलभुलैया, बाहुल्यांचे चेहरे. अल्हाम्ब्रात मुलांना सारखं ‘हात लावू नकोस’ म्हणावं लागतं. बाबागाडीही नासरी महालात नेता येत नाही.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या गट-सहलींत बहुतेकदा ग्रानाडा एका दिवसात उरकतात आणि तिथे स्थानिक परवानाधारक गाईड देतात. नोंदणी करताना दोनच गोष्टी विचारा: नासरी महाल धरलेले आहेत की फक्त बागा, आणि आत किती वेळ. कार्यक्रमपत्रिकेत ‘अल्हाम्ब्रा भेट’ एवढंच छापलेलं असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

ऋतू आणि क्रम

जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा सहज चाळिशीच्या वर जातो. विदर्भातल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, बाकीच्यांनी सकाळची पहिली वेळ घ्यावी. ग्रानाडा उंचावर आहे, पाठीशी सिएरा नेवादाचा बर्फ, त्यामुळे रात्री सुसह्य आणि हिवाळा कडक. मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन्हीकडे सर्वात बरे, फक्त सेव्हिलच्या पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) आणि त्यानंतरच्या जत्रेत हॉटेलांचे भाव डोळे पांढरे करतात.

माद्रिदहून सेव्हिलला वेगवान रेल्वेने अडीच तास. सेव्हिलहून ग्रानाडा रेल्वेने किंवा बसने अडीच-तीन तास. ग्रानाडाहून माद्रिदलाही आता वेगवान गाडी आहे. म्हणजे माद्रिद, सेव्हिल, ग्रानाडा, माद्रिद असा त्रिकोण सहज होतो, आणि सेव्हिल आधी ठेवण्यात काहीच अडचण येत नाही. सेव्हिलच्या पहिल्या दिवशी सकाळी गाईडबरोबर अल्काझार, दुपारपर्यंत बागेत. ग्रानाडात मुक्काम एक रात्र तरी हवाच. नासरी महालांसाठी सकाळची पहिली वेळ मिळाली तर आधी ते करा आणि हेनेरालिफे शेवटी ठेवा, म्हणजे पाण्याच्या जिन्यावर घड्याळ बघावं लागणार नाही.

एकच जमत असेल तर

दोन महिने आधी ठरवत असाल आणि चालण्याची ताकद असेल तर ग्रानाडा. सिंहांचा चौक दुसरीकडे कुठेही नाही. या एका परिस्थितीत, म्हणजे सेव्हिल नाहीच आणि मूरिश स्पेनची ही पहिलीच आणि शेवटची भेट, तेव्हा माझा गाईडविरोध थोडा मऊ होतो. खाजगी गाईड परवडत असेल तर घ्या, नाहीतर ऑडिओ गाईड.

पंधरा दिवसांवर सहल आली असेल, आई-बाबा किंवा मुलं बरोबर असतील, किंवा नासरी महालांची वेळ मिळत नसेल, तर सरळ सेव्हिल. मन मारून घेतलेला पर्याय तो नव्हे.

आणि दक्षिणेला जायलाच वेळ नसेल, माद्रिदमध्येच असाल, तर आरान्खुएझचा राजवाडा लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण दिवसात होतो. नदीकाठच्या त्याच्या बागा फुकट आहेत आणि गाईडची काहीही गरज नाही. सेगोव्हियाजवळच्या ला ग्रान्हाची कारंजी त्याहून देखणी, पण ती ठरावीक दिवशीच सोडतात. दिवस आधी तपासा, नाहीतर कोरडे पुतळे पाहून परत यावं लागेल.